क्लॅरिओनेटचे पान

१

एम.ए.च्या वर्गावर पाठचिकित्सा शिकवण्याची वेळ आली की आम्ही दरवर्षी ‘लीळाचरित्रा’पासूनच आरंभ करतो. ग्रंथाची थोरवी हे एक कारण; दुसरे असे की रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातले, मोर्शी तालुक्यातले गाव. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या, लिहिल्या. पुढे मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. म्हणूनच आज आपण ‘हिराइसा पाठ’, ‘पिढीपाठ’ अशी नावे घेतो. वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रत समोर ठेवून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की संहिता ही आयती मिळणारी वस्तू नाही. ती कोणाच्या तरी हाताने, कोणाच्या तरी कानाने आपल्यापर्यंत पोचलेली असते.

दोन वर्षांपूर्वी या तासानंतर अकोल्याकडचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. त्याच्या घरी तीन पिढ्यांपासून लग्नाचा बँड आहे. आजोबा क्लॅरिओनेट वाजवीत, वडील वाजवतात. त्याचा प्रश्न साधा होता. ‘सर, आमच्या बँडात वहीच नाही. आजोबांनी जे वाजवलं ते बाबांच्या बोटांत आहे. मग आमचा मूळ पाठ कोणता, आणि प्रत कोणती?’

त्या दिवशी आम्ही त्याला काहीतरी उत्तर दिले खरे, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. आमच्यापैकी काही अमरावतीला शिकवतात, काही अकोल्याला. बडनेरा–अकोला गाडीत बसून या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ काथ्याकूट केला. शेवटी असे ठरले की ज्या परंपरेत वादकाच्या पुढ्यातली वही हीच सर्वस्व असते, तिथपासून सुरुवात करावी आणि मग आपल्या दाराशी यावे. वहीवर सर्वाधिक अवलंबून असणारा प्रकार म्हणजे युरोपातील वाद्यवृंदाचा बॅले. म्हणून प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता विचित्र वाटेल : बॅलेच्या स्कोअरमधून क्लॅरिओनेटचा पार्ट तयार करणे म्हणजे काय, आणि मराठी माणसाच्या इतिहासात त्याचे नाते कोठे लागते?

२

प्रथम थोडी परिभाषा. वाद्यवृंदाचा संचालक ज्या ग्रंथात पाहतो तो स्कोअर. त्यात सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात. वादकासमोर मात्र स्कोअर नसतो. त्याच्या स्टँडवर फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते. तो पार्ट. साठ-सत्तर वादकांच्या वृंदात एकालाही संपूर्ण संहिता दिसत नाही. ती फक्त संचालकाला दिसते. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक नटाला स्वतःच्या भूमिकेची नक्कल तेवढी दिलेली आहे आणि संपूर्ण नाटक प्रॉम्प्टरजवळ आहे, असा हा प्रकार. आपल्या जुन्या संगीत नाटक कंपन्यांत नकला उतरवून देण्याची पद्धत होती, हे वाचकांना आठवेलच.

स्कोअरमधून पार्ट उतरवणाऱ्याला वाटते तितके यांत्रिक काम करावे लागत नाही. क्लॅरिओनेट चाळीस मात्रा गप्प असेल तर त्या चाळीस मात्रा मोजून दाखवाव्या लागतात. नुसता आकडा लिहिला तर वादक चुकतो, म्हणून त्याच्या प्रवेशाआधी शेजारच्या बासरीची किंवा व्हायोलिनची ओळ बारीक अक्षरांत द्यावी लागते. पान उलटण्याची जागा विश्रांतीत यावी लागते, कारण दोन्ही हात वाद्यावर असतात. आणि बॅलेत तर नर्तकांच्या सोयीने प्रवेश कापले जातात, पुनरावृत्ती वाढवली जाते, क्रम बदलतो. या सर्वांच्या खुणा पार्टवर करायच्या असतात. नाटकाच्या रंगावृत्तीत दिग्दर्शकाच्या खुणा वाढत जातात तसेच हे.

क्लॅरिओनेटच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे आणि ती या वाद्याच्या जन्मापासूनची आहे. सुमारे १७०० साली न्यूरेंबर्गच्या डेनर यांनी हे वाद्य घडवले. एकोणिसाव्या शतकात म्युलर, क्लोझे, अल्बर्ट आदींनी त्याच्या चाव्यांची व्यवस्था सुधारली. तरीही सर्व स्वरांतून सारख्याच सहजतेने बोटे फिरवणे अवघड, म्हणून वादक दोन क्लॅरिओनेटे जवळ बाळगू लागले : एक बी-फ्लॅटचे, एक ए-चे. बोटांची ठेवण दोहोंवर एकच. मात्र पानावर ‘सी’ लिहिला असता पहिल्यातून बी-फ्लॅट निघतो आणि दुसऱ्यातून ए. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पानावरची पांढरी एक पाहून वादक बोटे ठेवतो, पण ऐकू येते एकात काळी पाच आणि दुसऱ्यात पांढरी सहा.

म्हणून पार्ट लिहिणाऱ्याने सर्व स्वर सरकवून लिहायचे असतात. संगीत डी मेजरमध्ये असेल तर बी-फ्लॅट क्लॅरिओनेटसाठी ते एक पूर्ण स्वर वर, म्हणजे ई मेजरमध्ये लिहावे लागते. त्यात चार शार्प येतात आणि बोटांना कसरत पडते. तेच ए क्लॅरिओनेटसाठी लिहिले तर एफ मेजर होते, त्यात एकच फ्लॅट. उलट ई-फ्लॅट मेजरचे संगीत बी-फ्लॅट क्लॅरिओनेटला एफ मेजरमध्ये सोपे जाते आणि ए क्लॅरिओनेटला सहा फ्लॅटच्या जंगलात नेते. रचनाकाराने मध्येच वाद्य बदलायला सांगितले असेल तर बदलण्यापुरता वेळ पानावर आहे की नाही, हेही पाहावे लागते. शिवाय गार पडलेले वाद्य चढत नाही, उतरून वाजते, याचे भान ठेवावे लागते.

याचा अर्थ असा की क्लॅरिओनेटच्या पानावर जे लिहिले आहे ते ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येते ते लिहिलेले नाही. अक्षर आणि अर्थ यांच्यात नियमाने ठरलेले अंतर आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. सकळ लिपीत लिहिलेली महानुभाव पोथी वाचतानाही अक्षर एक दिसते आणि वाचायचे असते दुसरे.

३

बॅलेच्या संहितेचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चे आहे. हा बॅले १८७७ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोय रंगमंदिरात प्रथम झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सोबेश्चान्स्काया या नर्तिकेने स्वतःसाठी एक नवे युगुलनृत्य पीटर्सबर्गहून, पेतिपा यांच्याकडून बसवून आणले. त्याचे संगीत मिंकुस यांचे होते. आपल्या बॅलेत दुसऱ्याचे संगीत चायकोव्हस्कीला रुचले नाही. परंतु नृत्य तर बसलेले होते. तेव्हा त्याने मिंकुसच्या संगीताच्या मात्रा मोजून, नर्तिकेचे एकही पाऊल बदलावे लागणार नाही अशा बेताने, स्वतःचे नवे संगीत लिहून दिले.

पुढे ते संगीत गहाळ झाले. १८९३ मध्ये चायकोव्हस्की वारला. १८९५ मध्ये पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी ‘स्वान लेक’ नव्याने बसवला तेव्हा द्रिगो या संचालकाने संगीताची काटछाट केली, आणि चायकोव्हस्कीच्या पियानोसाठी लिहिलेल्या तीन छोट्या रचना वाद्यवृंदासाठी मांडून त्यात घातल्या. आज जगभर जो ‘स्वान लेक’ पाहिला जातो त्यात या आवृत्तीचा मोठा वाटा आहे. म्हणजे त्या तीन जागी क्लॅरिओनेटच्या स्टँडवरचे पान द्रिगोच्या हातचे आहे.

हरवलेले युगुलनृत्य सापडले ते १९५३ मध्ये, बोल्शोयच्या संग्रहात, दुसऱ्याच एका बॅलेच्या कागदांत. सापडला तो तालमीसाठी व्हायोलिनवर उतरवलेला आराखडा. संपूर्ण स्कोअर नव्हता. शेबालिन या रचनाकाराने त्यावरून वाद्यवृंदाची मांडणी पुन्हा केली आणि १९६० मध्ये बॅलनशिन यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यावर नृत्य बसवले. ते आज ‘चायकोव्हस्की पा द द’ या नावाने प्रसिद्ध आहे. कार्यक्रमपत्रिकेवर नाव एकाचे. क्लॅरिओनेटचा पार्ट मात्र दुसऱ्याच्या अनुमानातून आलेला.

मूळ गेले, स्मरणाच्या आधाराने पाठ पुन्हा रचला गेला, आणि तोच मूळ म्हणून मान्य झाला. रिद्धपूरच्या पोथीची गोष्ट जिल्हाच नव्हे, खंड ओलांडून पुन्हा घडलेली पाहिली की आमच्या विषयाची व्याप्ती ध्यानात येते. फरक एवढाच की आपण हिराइसेचे नाव पाठाला दिले. शेबालिनचे नाव मात्र पुष्कळ श्रोत्यांना ठाऊकही नसते.

४

आता मराठी प्रदेशाबाहेरच्या एका मराठी राज्याकडे वळू. नृत्य, मराठी भाषा आणि क्लॅरिओनेट हे तिन्ही धागे जिथे जवळ येतात ते ठिकाण तंजावर.

दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर आले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. युरोपीय विद्यांची त्यांना गोडी होती, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला, आणि पाश्चात्त्य वाद्यांचा बँड त्यांच्या दरबारी होता. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले बंधू होते. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांच्या नावे सांगितला जातो. वडिवेलू यांनी व्हायोलिन आपलेसे केले, हेही सर्वश्रुत आहे.

या सरफोजींनी मराठीत नृत्यरचना केल्या. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्या ओळखल्या जातात. तमिळमधील ‘कोर्वै’ म्हणजे गुंफण. तेव्हा नावातच मराठी, तमिळ, संस्कृत आणि अरबी एका माळेत आलेली आहेत. एका कथासूत्राभोवती, एकच राग आणि एकच ताल धरून, जयजय, शरणू, अलारू येथपासून वर्ण, पद, तिल्लाणा, जक्किणी असे करीत मंगलापर्यंत अठरा जिन्नस गुंफायचे, असा त्यांचा घाट. आरंभापासून अखेरपर्यंत एका सूत्राने चालणारा नृत्याचा प्रयोग, असे ज्याला आपण आज म्हणू, त्याची ही मराठी संहिता आहे. आणि आमच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला फार तर एखादी ओळ मिळते.

विसाव्या शतकात मुंबईचे नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी या रचना अभ्यासल्या, रंगमंचावर आणल्या आणि ‘तंजावर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ सिद्ध केला. शब्द कागदावर होते म्हणून हे शक्य झाले. पण शब्दांच्या मागे वाजणारे वाद्य कोणते होते, त्याने कोणती जागा कशी भरली, हे त्या कागदावर नव्हते. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथे दोनशे वर्षे मागे जाऊन उभा राहतो.

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. नट्टुवनार, नर्तकी, वादक यांना नवे आश्रय शोधावे लागले. १८८० मध्ये तंजावरच्या घराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, यांचा विवाह सयाजीराव गायकवाडांशी झाला. त्या नात्यातून गौरा आणि कांतिमती या नर्तकी आपल्या साथीदारांसह बडोद्याला आल्या आणि तंजावरचे नृत्य पश्चिम हिंदुस्थानातील एका मराठी दरबारात रुजले. दक्षिणेत याच काळाच्या आगेमागे, सुमारे १८६० च्या सुमारास, महादेव नट्टुवनार यांनी नृत्याच्या साथीत क्लॅरिओनेट आणले असे मानले जाते. त्याआधी तेथे मुखवीणा हे छोटे सुषिर वाद्य असे. बँडचे वाद्य देवदासींच्या नाचाच्या मागे उभे राहिले. आणि उभे राहिले हे शब्दशः, कारण त्या काळी साथीदार नर्तकीच्या मागे उभे राहून, तिच्याबरोबर पुढे-मागे सरकत वाजवीत. पुढ्यात स्टँड नाही, पान नाही. गायक पदाची एखादी ओळ पुन्हा पुन्हा घेई, नर्तकी दर वेळी तिचा नवा अर्थ दाखवी आणि क्लॅरिओनेट त्या गळ्याला चिकटून चाले. कोणती ओळ किती वेळा येणार, हे आधी कोणालाच ठाऊक नसे. अशा संगीताचा पार्ट लिहिता येत नाही. लिहिला तर तो दुसऱ्या दिवशी खोटा ठरेल.

बालसरस्वतींच्या साथीला क्लॅरिओनेट शेवटपर्यंत राहिले. एकोणीसशे तिसच्या दशकानंतर नृत्याला जे नवे, ‘शुद्ध’ केलेले रूप देण्यात आले त्यात वादक रंगमंचाच्या कडेला बसले आणि क्लॅरिओनेटची जागा बहुतेक ठिकाणी बासरीने घेतली. परके वाद्य म्हणून ते गेले की जुन्या नाचाची, जुन्या नर्तकींची आठवण करून देते म्हणून गेले, याचा विचार वाचकांनी करावा. बासरीबरोबरच नव्या मंचावर राहिलेले व्हायोलिनही परकेच होते.

५

लिहिण्याचा आग्रह आपल्याकडेही आला, आणि तो मुख्यतः मराठी मुलखातून आला. बडोद्यात मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांनी १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू केली, स्वरलिपी तयार केली. पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंडे यांनी घराण्यांतल्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या. पलुस्करांच्या शिष्यपरंपरेतले विष्णुदास शिराळी उदय शंकर यांच्या नृत्यसंचाचे संगीत सांभाळीत होते. १९४८ च्या ‘कल्पना’ या नृत्यपटाचे संगीत त्यांचेच.

उदय शंकर यांचा नृत्यातील प्रवेशही आमच्या विषयाला धरून आहे. १९२३ मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डन रंगमंदिरात ॲना पाव्हलोव्हाने त्यांच्यासह ‘राधा-कृष्ण’ सादर केले. संगीत कोमलता बॅनर्जी यांचे, पण ते वाद्यवृंदासाठी मांडले हेन्री गील या इंग्रज संगीतकाराने. हिंदी चाल एकीची, आणि ती लिहून वादकांपुढे ठेवणारा हात दुसऱ्याचा. ही विभागणी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रोजची झाली.

तिथे हा हात बहुधा गोव्याचा असे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे स्टाफ नोटेशन वाचणारी पिढीच्या पिढी तयार झाली आणि पोटापाण्यासाठी मुंबईला आली. मराठी किंवा हिंदुस्थानी संगीत दिग्दर्शकाने पेटीवर चाल सांगायची आणि गोव्याच्या अरेंजरने ती ऐकून स्कोअर लिहायचा, मग त्यातून प्रत्येक वाद्याचे पार्ट उतरायचे, अशी ही व्यवस्था. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसोझा यांनी, सी. रामचंद्र यांच्यासाठी चिक चॉकलेट यांनी असे काम केले. सी. रामचंद्र तर आमच्या विदर्भात, नागपूरला, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यातून गुरूचे नाव घरोघर पोचवले. परंतु ज्या कागदांवर हे सर्व लिहिले गेले ते कागद बहुतांशी कोणी जपले नाहीत. रेकॉर्डिंग झाले की पार्टचे काम संपले, अशीच सर्वांची समजूत होती.

आणि हे गाणे जेव्हा तबकडीवरून, रेडिओवरून अकोल्याच्या बँडवाल्यापर्यंत आले तेव्हा ते पुन्हा कानावर गेले. मास्टर इब्राहिम यांची क्लॅरिओनेटवर वाजवलेली चित्रपटगीते घराघरांत ऐकली जात. बँडवाल्यांनी ती ऐकून ऐकून उचलली. स्मरणातून कागदावर, कागदावरून तबकडीवर, तबकडीवरून पुन्हा स्मरणात, असा या स्वरांचा प्रवास. या साखळीत कागद हा मधला एक मुक्काम होता.

६

एवढे वाचून झाल्यावर आम्ही एक प्रयोग केला. त्या विद्यार्थ्याचे वडील आणि त्यांचे एक जोडीदार यांना महाविद्यालयात बोलावले. दोघांजवळ बी-फ्लॅट क्लॅरिओनेटे. स्टाफ नोटेशन दोघांनाही वाचता येत नाही; सरगम येते. आमच्या हाती होता स्ट्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’चा स्कोअर. १३ जून १९११ रोजी पॅरिसमध्ये या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना फोकीन यांची आणि पेत्रुश्काच्या भूमिकेत निजिन्स्की. पेत्रुश्का ही जत्रेतली कळसूत्री बाहुली. मालकाने तिच्यात जीव घातला आहे आणि त्यामुळेच तिला दुःख कळते. दुसऱ्या प्रवेशात ती आपल्या खोलीत कोंडलेली असताना दोन क्लॅरिओनेटे एकाच वेळी दोन वेगळे त्रिस्वर वाजवतात : एक सी मेजरचा, दुसरा एफ-शार्प मेजरचा. संगीताच्या अभ्यासकांत ही जागा ‘पेत्रुश्का कॉर्ड’ म्हणून प्रसिद्ध आहे.

पार्ट कसा लिहायचा? स्टाफवर, बी-फ्लॅट क्लॅरिओनेटसाठी, तर तो डी मेजर आणि जी-शार्प मेजर असा सरकवून लिहावा लागेल. आम्हाला तो लिहायचा होता सरगमीत. एकच षड्ज, पांढरी एक, धरला तर पहिल्याला ‘सा ग प’ आणि दुसऱ्याला ‘तीव्र म, कोमल नी, कोमल रे’. दुसऱ्या वादकाने ते पाहून मान हलवली. हे तीन स्वर एकत्र त्यांच्या बोटांना कधी भेटलेच नव्हते. मग त्यांनीच सुचवले की मला माझा सा वेगळा द्या. त्यांना काळी तीनचा षड्ज दिला. आता दोघांच्याही कागदावर अक्षरे एकच झाली : सा ग प.

येथे आम्ही क्षणभर थबकलो. क्लॅरिओनेटच्या पार्टचा तो सारा सरकवण्याचा खटाटोप सरगमीत नाहीसा झाला होता, कारण आपला षड्ज चल आहे. कोणत्याही पट्टीत तो सा-च राहतो. परंतु त्याबरोबर दोन पानांतला फरकही नाहीसा झाला होता. दोन वादक, दोन पाने, दोन्हींवर तेच लिहिलेले; आणि तरी ही दोन पाने एकमेकांच्या विरुद्ध होती. विरोध पानावर कोठेच नव्हता.

त्यांनी संथ लयीत वाजवले. वर्गात काही मुले हसली, मग गप्प झाली. वाजवून झाल्यावर ज्येष्ठ वादक म्हणाले, ‘हे बेसूर नाही हो सर, हे भांडन हाये. दोघंबी आपापल्या जागी सुरातच हायेत.’

‘पेत्रुश्का’वर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण इतक्या कमी शब्दांत इतके नेमके आमच्या वाचनात नाही. एकाच देहात बाहुली आणि माणूस. प्रत्येकाचा सूर खरा आणि दोघांचा मेळ अशक्य. ज्याला आपण अशिक्षित कानाचा वादक म्हणतो त्याने स्कोअर न पाहता, केवळ दोन पार्टांवरून, संहितेचा अर्थ लावला.

जाता जाता एक नोंद. ‘पेत्रुश्का’चेही दोन पाठ आहेत. १९११ चा मोठ्या वृंदाचा, चार क्लॅरिओनेटांचा. आणि रचनाकाराने स्वतःच सुधारलेला, १९४७ चा, तीन क्लॅरिओनेटांचा. एकाचा स्कोअर आणि दुसऱ्याचे पार्ट घेऊन बसले तर तालीम उभी राहत नाही. ग्रंथकर्ता एकच असला तरी पाठभेद सुटत नाहीत, हे एकनाथांनी शुद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या संदर्भात दुसऱ्या अंगाने आपण शिकवतोच.

७

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. मूळ पाठ कोणता, प्रत कोणती?

आमचे उत्तर असे की वादकाजवळ पान असो वा नसो, त्याच्याजवळ नेहमी पार्टच असतो. संपूर्ण संहिता कोणाही एकाजवळ नसते. मॉस्कोच्या वादकाजवळ त्याचे सरकवलेले पान होते, तंजावरच्या वादकाजवळ गायिकेचा गळा होता, अकोल्याच्या वादकाजवळ वडिलांची बोटे आहेत. प्रत्येक जण आपला भाग पूर्ण निष्ठेने वाजवतो आणि कृती त्या सर्वांच्या मध्ये, वाजते तेवढ्याच वेळापुरती उभी राहते. म्हणून वही नसणे म्हणजे पाठ नसणे नव्हे. पाठ आहे, तो माणसाच्या देहात ठेवलेला आहे, आणि देहात ठेवलेल्या पाठाला धोका मोठा.

हा धोका आज प्रत्यक्ष दिसतो आहे. वऱ्हाडातल्या वरातींत डीजे आला, बँडात कीबोर्ड आला. गायकाच्या जागी असलेले क्लॅरिओनेट आधी जाते, कारण ते शिकायला वर्षे लागतात आणि त्याच्या जागी ध्वनिमुद्रित गळाच लावता येतो. आमच्या विद्यार्थ्याचे वडील आता हंगामात मोजकेच दिवस वाजवतात. मुलगा नेट परीक्षेच्या तयारीला लागला आहे. त्याच्याबद्दल आम्हाला आनंद आहे, आणि तो आनंद निर्भेळ नाही.

रिद्धपूरला २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पोथ्यांचे जतन तेथे होईल, व्हायलाच हवे. पण ज्या गावात एक ग्रंथ केवळ स्मरणाच्या बळावर पुन्हा उभा राहिला त्याच्या आसपासच्या दोन जिल्ह्यांतल्या बँडवाल्यांची स्मरणे कोणीतरी मुद्रित करावी, लिहून घ्यावी, त्यात कोणाकडून काय उचलले हे विचारावे. हे काम संगीताच्या विभागाचे आहे असे म्हणून मराठीच्या विभागाने हात झटकू नयेत. पाठचिकित्सा आम्हाला शिकवली गेली ती याचसाठी असावी.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. त्या दोन वादकांच्या तोंडून आणि वाद्यातून घेतलेली पहिली वही आता भरत आली आहे. लिहून घेणारा तो विद्यार्थीच आहे. प्रत्येक चालीखाली तो षड्ज नोंदवतो, आणि त्याखाली एक ओळ : कोणाकडून ऐकले. पहिल्या पानावर आजोबांचे नाव आहे.